डेबियनची आवृत्ती बदलण्यापूर्वी डिस्कच्या पार्टिशनांना लेबल देणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेच्या सर्व्हरवर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली चालू आहे. त्यात दोन साटा डिस्क आहेत. पहिलीवर ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) मूळ प्रणाली आणि शेजारी स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची जागा), दुसरीवर एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये संस्थेचा सगळा डेटा. पहिल्या डिस्कची जशीच्या तशी काढलेली प्रत एका यूएसबी डिस्कवर आहे. एटीसी फोल्डरमधील एफएसटॅब फाइलीत, म्हणजे कोणते पार्टिशन (डिस्कचा भाग) कोठे जोडायचे याच्या यादीत, सर्व नोंदी एसडीए१, एसडीए५, एसडीबी१ अशा नावांनी आहेत. याच धर्तीच्या दुसऱ्या यंत्रावर डेबियन ११ चढवून पाहिले, तेव्हा ते कधी नीट सुरू झाले आणि कधी इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या साध्या पडद्यावर) जाऊन थांबले. लेबल दिल्याने हे सुटेल का, लेबल देताना डेटा जाईल का, आणि लेबल (आपण दिलेले नाव) बरे की यूयूआयडी (आपोआप मिळणारा ओळख-क्रमांक), असे आपण विचारले आहे.

लेबल दिल्याने डेटा जात नाही, आणि एफएसटॅबमधील नोंदी त्यानुसार बदलल्या की आपली अडचण नक्की सुटेल. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. लेबल देण्याचे काम आणि आवृत्ती बदलण्याचे काम ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये जुन्याच प्रणालीवर यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू झालेले आपण डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. दोन्ही एकाच बैठकीत उरकले आणि यंत्र उठले नाही, तर दोष एफएसटॅबमधल्या अक्षराचा आहे, नव्या कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) आहे की बूटलोडरचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा), हे ओळखण्याचा कोणताही आधार हाती उरत नाही. जुनी प्रणाली नव्या नोंदींवर व्यवस्थित उठते हे एकदा सिद्ध झाले, की पुढे काहीही बिघडले तरी शोधाचे क्षेत्र निम्मे झालेले असते.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना: या उत्तरात कमांडची आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत; टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावीत. कमांडना जोडायचे पर्याय मात्र, मॅन्युअलमध्ये दिसतील तसेच, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून द्यावेत.

आता हे घडते कशामुळे, ते पाहू. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्कवर कोठेही लिहिलेली नसतात. यंत्र सुरू होताना कर्नलला ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ती दिली जातात, आणि यंत्र बंद होताच ती संपतात. डेबियन १० मधील ४.१९ कर्नल साटा डिस्कना व्यवहारात बहुधा त्याच क्रमाने नावे देत असे, म्हणून वर्षानुवर्षे एसडीए म्हणजे पहिली डिस्क हे समीकरण टिकून राहिले आणि ते कायमचे आहे असा समज झाला. डेबियन ११ मध्ये ५.१० कर्नल आहे. दरम्यानच्या काळात डिस्कचा शोध एकामागून एक न घेता एकाच वेळी समांतर घेण्याची पद्धत कर्नलमध्ये आली, त्यामुळे जी डिस्क आधी उत्तर देईल तिला आधी नाव मिळते. एका सुरुवातीला ती पहिली असेल, पुढच्या सुरुवातीला दुसरी. आपल्या चाचणी-यंत्राचे ‘कधी नीट, कधी नाही’ हे वागणे याच कारणाचे लक्षण आहे. डिस्क किंवा केबल खराब झाली असावी अशी शंका घेण्याचे कारण नाही.

मूळ प्रणाली तरीही सापडते, कारण डेबियनमधील ग्रब बूटलोडर रूट पार्टिशनचा (मूळ प्रणाली असलेल्या पार्टिशनचा) पत्ता कर्नलला मुळातच यूयूआयडीने देतो. गाडी अडते ती पुढे. एफएसटॅबमधील डेटाची ओळ सांगते की एसडीबी१ वर एक्सएफएस आहे, आणि त्या दिवशी एसडीबी१ म्हणजे प्रत्यक्षात ईएक्सटी४ असलेले रूट पार्टिशन असते. माउंट (पार्टिशन फोल्डरला जोडणे) अपयशी ठरते, आणि एफएसटॅबमधील आवश्यक स्थानिक माउंट अपयशी ठरले की प्रणाली सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्रॅम इमर्जन्सी मोडमध्ये जातो. एका अर्थी आपल्याकडे दोन वेगळ्या फाइल सिस्टीम होत्या हे चांगले झाले. दोन्हीकडे ईएक्सटी४ असते, तर चुकीचे पार्टिशन डेटाच्या जागी जोडले जाण्याची शक्यता होती, आणि ते यंत्र थांबण्यापेक्षा कितीतरी वाईट ठरले असते.

हा प्रश्न नवा नाही. २००७ च्या मे महिन्यात आलेल्या फेडोरा ७ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत कर्नलचे आयडीई ड्रायव्हर बदलले आणि एचडीए नावाच्या डिस्क रातोरात एसडीए झाल्या. तेव्हा फेडोराच्या इन्स्टॉलरने पार्टिशनांना लेबल नसेल तर अपग्रेड पुढे नेण्यासच नकार दिला होता. डेबियन ६ मध्ये, म्हणजे २०११ च्या फेब्रुवारीत, तोच बदल आला, आणि त्या वेळच्या प्रकाशन-टिपणांनी डिस्कची ओळख लेबलने किंवा यूयूआयडीने द्यावी अशी स्पष्ट शिफारस केली. ज्यांनी तेव्हा ती मानली, त्यांना त्यानंतरच्या एकाही बदलात डिस्कच्या नावांकडे पाहावे लागलेले नाही. तेव्हाही एलव्हीएम (डिस्कच्या जागेचे लॉजिकल व्हॉल्यूम बनवण्याची सोय) वापरणाऱ्यांना याची झळ फारशी लागली नव्हती, कारण लॉजिकल व्हॉल्यूमचे नाव आपण दिलेले असते आणि ते डिस्कच्या क्रमावर अवलंबून नसते. आपल्याकडे एलव्हीएम असते, तर हे उत्तर चार ओळींत संपले असते.

लेबल म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात, आणि त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. पहिले लेबल फाइल सिस्टीमचे असते. ते त्या फाइल सिस्टीमच्या सुपरब्लॉकमध्ये (तिची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या भागात) लिहिलेले असते. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले की ते पुसले जाते, आणि डीडी या जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या कमांडने पार्टिशनची प्रत काढली की तेही प्रतीसोबत जाते. दुसरे नाव जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्यातील असते, त्याला पार्टलेबल म्हणतात. ते पार्टिशनच्या आतल्या मजकुराशी संबंधित नसल्याने फॉरमॅट केल्यानंतरही टिकते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या तक्त्यात असे नाव ठेवण्याची सोयच नाही. पार्टलेबलवर विसंबू नये असे माझे मत आहे. विंडोजने तयार केलेल्या जवळजवळ प्रत्येक डेटा-पार्टिशनचे पार्टलेबल ‘बेसिक डेटा पार्टिशन’ असेच असते, त्यामुळे अशी एखादी डिस्क जोडली की एकाच नावाची दोन पार्टिशने समोर येतात. पुढे मी लेबल म्हणेन तेव्हा ते फाइल सिस्टीमचे लेबल समजावे.

लांबीची मर्यादा प्रत्येक फाइल सिस्टीमची वेगळी आहे. ईएक्सटी४ ला १६ बाइट, एक्सएफएसला १२ आणि फॅटला ११. मराठी वाचकांच्या दृष्टीने इथे एक बारकावा आहे. ही मोजणी बाइटांत होते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो वर्ण असो, मात्रा असो वा अनुस्वार, ३ बाइट घेते. ‘हिशेब’ हा शब्द ५ चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा. तो ईएक्सटी४ मध्ये जेमतेम मावतो, पण एक्सएफएसमध्ये मावत नाही. ग्राफिकल खिडकीत देवनागरी लेबल सुंदर दिसते हे खरे, आणि घरच्या पेनड्राइव्हला ते द्यायला हरकत नाही. मात्र इमर्जन्सी मोडच्या साध्या मजकुरी पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत नाहीत, आणि आपल्याला लेबल वाचण्याची सर्वांत जास्त गरज नेमकी तिथेच पडते. म्हणून सर्व्हरवर लेबल रोमन लिपीत, मोकळी जागा आणि तिरकी रेघ न घालता द्यावे. जुन्या रेड हॅट प्रणाली रूट पार्टिशनला नुसत्या तिरक्या रेघेचे लेबल देत असत. ते लेबल मनुष्याला काहीच सांगत नाही, आणि तशी दोन प्रतिष्ठापने एका यंत्रात आली की टक्कर होते.

‘रूट’, ‘डेटा’, ‘बॅकअप’ अशी सर्वसामान्य लेबलेही टाळावीत. ‘डेटा’ हे लेबल जगातल्या असंख्य यूएसबी डिस्कांवर असते. एखाद्या कर्मचाऱ्याने तशी डिस्क सर्व्हरला लावून ठेवली आणि त्याच रात्री वीज जाऊन आली, तर सर्व्हर ती डिस्क संस्थेचा डेटा म्हणून जोडू शकतो. संस्थेच्या नावाची तीन-चार अक्षरे, मग सर्व्हरचा क्रमांक, मग काम, असे लेबल बनवावे. एक्सएफएसच्या १२ अक्षरांत हे बसवायला थोडी काटकसर करावी लागते, पण बसते.

आता लेबल की यूयूआयडी. माझा सल्ला असा आहे की एफएसटॅबमध्ये रूट आणि स्वॅप यूयूआयडीने लिहावेत, डेटा लेबलने लिहावा, आणि लेबल मात्र सर्वांनाच द्यावे. रूट पार्टिशन यंत्राच्या आयुष्यात बहुधा बदलत नाही आणि त्याची ओळख यंत्रालाच पटवायची असते, तेव्हा आपोआप निर्माण झालेला, दुसऱ्या कोणाशी जुळण्याची शक्यता जवळजवळ नसलेला क्रमांक तिथे उत्तम. डेटाची डिस्क मात्र तीन-चार वर्षांनी बदलली जाते. नव्या डिस्कला तेच लेबल दिले, जुनी काढून घेतली, की एफएसटॅबला हात लावावा लागत नाही. आणि रूटला लेबल द्यायचे ते मनुष्याच्या डोळ्यासाठी. उद्या अपग्रेड फसून नव्याने प्रतिष्ठापना करण्याची वेळ आली, तर इन्स्टॉलरच्या पडद्यावर सारख्याच आकाराच्या दोन डिस्कांपैकी कोणती फॉरमॅट करायची हे रात्री उशिरा ठरवावे लागते. त्या क्षणी ३६ अक्षरांचा यूयूआयडी वाचून कोणाला काही ओळखता येत नाही. लेबल दिसले नाही, तर एलएसबीएलके या पार्टिशनांची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या एफ पर्यायाने ते पडताळावे आणि मगच पुढे जावे.

आपल्या परिस्थितीत खरा धोका आहे तो त्या यूएसबी डिस्कवरील प्रतीचा. डीडीने काढलेल्या प्रतीत लेबल आणि यूयूआयडी दोन्ही मूळच्यासारखेच असतात. ती डिस्क जोडलेली असताना सर्व्हर सुरू झाला, तर एकाच ओळखीची दोन रूट पार्टिशने कर्नलसमोर येतात आणि त्यांतले कोणते निवडले जाईल याची खात्री देता येत नाही. प्रतीवरून प्रणाली उठली तर वरवर सारे ठीक दिसते. दिवसभराच्या नोंदी प्रतीवर लिहिल्या जातात, आणि डिस्क काढल्यावर त्या नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्याच अवस्थेत अपग्रेड झाले, तर नवी प्रणाली प्रतीवर आणि बूटलोडर मूळ डिस्कवर अशी फाटाफूट होऊ शकते. एक्सएफएस याबाबत अधिक सावध आहे. एकाच यूयूआयडीच्या दोन फाइल सिस्टीम ते एका वेळी माउंट होऊ देत नाही. ईएक्सटी४ असा अटकाव करत नाही.

ट्यून२एफएस कमांडने प्रतीचा यूयूआयडी बदलता येतो, पण बदलू नये असे मी सुचवेन, कारण मग ती प्रत मूळ डिस्कच्या जागी लावली तर उठणार नाही आणि तिचा हेतूच संपेल. ती केबलपासून वेगळी करून कपाटात ठेवावी, तिच्यावर तारखेचा कागद चिकटवावा, आणि रोजच्या बॅकअपसाठी वेगळे लेबल असलेली वेगळी डिस्क वापरावी.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात करताना एलएसबीएलके कमांड एफ पर्यायासह चालवावी आणि जे दिसेल ते छापून घ्यावे. त्यात प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टीम, लेबल, यूयूआयडी आणि सध्याचा माउंट-बिंदू एकत्र दिसतो. एफएसटॅबची एक प्रत दुसऱ्या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. ईएक्सटी४ असलेल्या रूटला ई२लेबल कमांडने, प्रणाली चालू असतानाच, लेबल देता येते. एक्सएफएससाठी एक्सएफएस_अ‍ॅडमिन कमांड आहे, पण त्यासाठी पार्टिशन आधी अनमाउंट करावे लागते, म्हणून हे काम कार्यालय सुटल्यावर, डेटाबेस आणि सांबा (नेटवर्कवर फाइली वाटणारी सेवा) थांबवून करावे.

स्वॅपच्या बाबतीत चूक होण्याचा संभव अधिक आहे. बऱ्याच जुन्या मार्गदर्शनांत स्वॅप बंद करून एमकेस्वॅप कमांडने लेबल द्यायला सांगितलेले असते. तसे केले की लेबल मिळते, पण स्वॅप नव्याने बनल्यामुळे त्याचा यूयूआयडीही बदलतो. डेबियनच्या इनिट्रॅमएफएसमध्ये (सुरुवातीला आधी चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत) जुना यूयूआयडी रिझ्यूम नावाच्या फाइलीतून नोंदला गेलेला असू शकतो, आणि मग प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र नसलेल्या स्वॅपची अर्धा मिनिट वाट पाहत बसते. त्याऐवजी स्वॅपऑफ करून स्वॅपलेबल कमांड वापरावी. ती यूयूआयडीला हात न लावता फक्त लेबल लिहिते. एमकेस्वॅप आधीच चालवले गेले असेल, तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमधील रिझ्यूम फाइल दुरुस्त करून अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवावे.

त्यानंतर एफएसटॅबमध्ये प्रत्येक ओळीचा पहिला रकाना बदलावा. बाहेरून जोडल्या जाणाऱ्या बॅकअप डिस्कच्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय अवश्य घालावा. तो नसेल तर ती डिस्क जोडलेली नसताना सिस्टमडी सामान्यतः ९० सेकंद थांबते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाते. डेटाच्या मुख्य ओळीला मात्र नोफेल देऊ नये. डेटा जोडला गेला नाही तर सर्व्हरने थांबलेलेच बरे, नाहीतर लोक रिकाम्या फोल्डरमध्ये काम करू लागतात आणि त्या फाइली रूट पार्टिशनवर साठत जातात. फाइल जतन केल्यावर सिस्टमसीटीएलला डीमन-रीलोड सांगावे, आणि फाइंडएमएनटी कमांड व्हेरिफाय पर्यायासह चालवावी. ती एफएसटॅबची प्रत्येक ओळ तपासून न सापडणारे लेबल किंवा न जुळणारी फाइल सिस्टीम दाखवते.

एफएसटॅब बदलली म्हणजे काम संपले असे नाही. संपूर्ण एटीसी फोल्डरमध्ये ग्रेप कमांडने एसडीए आणि एसडीबी शोधावे. क्रॉनमधून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्ट, डिस्कच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या स्मार्टडीची फाइल आणि डिस्कच्या सेटिंग ठरवणाऱ्या एचडीपार्मची फाइल या तीन ठिकाणी जुनी नावे हमखास सापडतात. बॅकअपची स्क्रिप्ट यांत सर्वांत नाजूक, कारण ती चुकीच्या पार्टिशनवर लिहूही शकते. स्मार्टडी आणि एचडीपार्म यांना पार्टिशन नव्हे तर संपूर्ण डिस्क लागते, म्हणून तिथे लेबल चालत नाही. डेव्ह फोल्डरमधील डिस्क, त्यातील बाय-आयडी, या ठिकाणी डिस्कच्या मॉडेल आणि अनुक्रमांकावरून बनलेली नावे असतात, ती वापरावीत.

आपले यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत नसेल, तर ग्रबचीही एक नोंद पाहावी. ग्रब-पीसी पॅकेज बूटलोडर कोणत्या डिस्कवर लिहायचा हे स्वतःजवळ लक्षात ठेवते. जुन्या प्रतिष्ठापनेत ती नोंद एसडीए अशी असेल, आणि अपग्रेडच्या वेळी एसडीए म्हणजे डेटाची डिस्क असेल, तर बूटलोडर भलतीकडे लिहिला जाईल. त्यातून पुढे, मूळ डिस्कवर जुना ग्रब आणि बूट फोल्डरमध्ये नव्या ग्रबच्या फाइली अशी विसंगती होऊन यंत्र ग्रबच्या रेस्क्यू पडद्यावर अडकते. डीपीकेजी-रीकॉन्फिगर कमांड ग्रब-पीसीसाठी चालवून योग्य डिस्क पुन्हा निवडावी.

आता जुन्याच डेबियन १० वर यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे. नुसते रीबूट पुरेसे नाही. वीज तोडून काही वेळाने चालू करावे. माझी आवडती परीक्षा याहून कठोर आहे: यंत्र बंद असताना दोन्ही डिस्कच्या साटा केबल मदरबोर्डवर अदलाबदल कराव्यात आणि मग सुरू करावे. बायोसमध्ये सुरुवातीची डिस्क पुन्हा निवडावी लागेल, एवढेच. एसडीए आणि एसडीबी उलटे होऊनही सर्व माउंट जागच्या जागी आले, तर आपल्या नोंदी खरोखर क्रमनिरपेक्ष झाल्या आहेत. या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर केबल पूर्ववत कराव्यात, लाइव्ह यूएसबीवरून रूट डिस्कची ताजी प्रत काढावी, ती कपाटात ठेवावी, आणि मगच अपग्रेडला हात घालावा. जुनी प्रत आता उपयोगाची नाही. तिच्यातील एफएसटॅब अजून एसडीए१ म्हणते.

डेबियन १० वरून थेट १२ वर उडी मारू नये. डेबियन एका वेळी एकच आवृत्ती ओलांडण्याला पाठिंबा देते. डेबियन १० चा दीर्घकालीन आधारही ३० जून २०२४ रोजी संपला आहे, तेव्हा १० वर थांबून राहण्याचा विचार नसावा. ११ वर पोहोचल्यावर बंद-चालू करून फाइंडएमएनटीची तपासणी पुन्हा करावी, दोन-तीन दिवस काम चालू द्यावे, मग १२ कडे जावे.

इमर्जन्सी मोडची तयारीही आधीच ठेवावी. तो मोड रूट या मुख्य प्रशासकीय खात्याचा पासवर्ड मागतो. प्रतिष्ठापनेच्या वेळी रूटचा पासवर्ड रिकामा ठेवून केवळ सुडोवर (तात्पुरते प्रशासकीय अधिकार देणाऱ्या कमांडवर) काम चालवले असेल, तर रूट खाते कुलूपबंद असते आणि त्या पडद्यावरून आत जाता येत नाही. म्हणून अपग्रेडपूर्वी रूटला पासवर्ड द्यावा आणि डेबियनची लाइव्ह यूएसबी यंत्राजवळ ठेवावी. आत शिरल्यावर एलएसबीएलके एफ पर्यायासह चालवून छापलेल्या कागदाशी ताडून पाहावे. रूट पार्टिशन केवळ वाचनासाठी माउंट झालेले असेल, तर ते रीमाउंट करून लेखनासाठी खुले करावे, एफएसटॅबमधील चुकलेली ओळ सुधारावी आणि पुन्हा सुरू करावे. कोणती ओळ चुकली हे कळतच नसेल, तर रूट सोडून बाकी सर्व ओळींपुढे हॅशचे चिन्ह लावून प्रणाली उठवावी आणि एकेक ओळ खुली करत जावी. दूरवरून एसएसएचने काम करणार असाल, तर हा पडदा आपल्याला दिसणारच नाही. त्यामुळे अपग्रेडनंतरच्या पहिल्या सुरुवातीच्या वेळी कोणीतरी यंत्रासमोर, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून, बसलेले असले पाहिजे.